महिन्यातले बरे दिवस

आमच्या खोलीवर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी होती. हा शब्द दवाखान्यात येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना धड म्हणता यायचा, म्हणून शिपायापासून पेशंटपर्यंत सगळेच तिला ‘बोलायची खोली’ म्हणत. एक्स-रेच्या खोलीला लागून ती होती. एक खिडकी, एक टेबल, तीन खुर्च्या आणि दाराला हिरवा पडदा. परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात त्या पडद्याआड माझी बहुतेक सगळी नोकरी झाली. मला सुई टोचता येत नव्हती, गोळी लिहून देता येत नव्हती. मग पगार कशाचा, असं विचारणाऱ्यांत माझे वडीलही होते. मी म्हणाले, “ऐकायचा.” त्यावर ते म्हणाले, “मंग मी जल्मभर मेंढरांचं फुकटच ऐकलं म्हण की.”

आमचं घर राणीसावरगावचं. घरात मेंढ्या, थोडी कोरडवाहू जमीन आणि उरलेल्या दिवसांत मजुरी. घरातली पहिली दहावी माझी आणि पहिली पदवीही माझीच. शाळेतल्या एका बाईंनी वडिलांच्या मागे लागून मला गंगाखेडच्या कॉलेजात घालायला लावलं, आणि मेंढ्यांमागं जायचं माझं काम आईनं स्वतःकडं घेतलं. म्हणून मी पुढं परभणीत समाजकार्याचं शिक्षण घेऊ शकले. या दोघींचे उपकार सांगितल्याशिवाय मला नोकरीबद्दल काही लिहिताच येत नाही.

माझ्या खोलीत सगळं यायचं. दारू यायची, भावकीतली भांडणं यायची, परीक्षेला घाबरून जेवण सोडलेल्या मुली यायच्या. पण हळूहळू खोलीचं नाव झालं ते पाळीच्या आधीच्या त्रासासाठी. ते कसं पसरलं कोण जाणे. एकदा बोरीकडचा एक शेतकरी एकटाच आला. डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाला, “म्याडम, तुमी तारीख काढून देता म्हणं.”

“कसली तारीख?”

“मालकीण कवा भडकती त्याची. तेवढे दिवस मी शेतात मुक्कामाला जात जाईन.”

“ती भडकते तेव्हा तिला काय होतंय, हे कधी विचारलं का?”

“इचारलं की. तवाच तर तिनं तांब्या फेकून हाणला.”

पुढच्या वेळी बायकोला घेऊन या, असं मी सांगितलं आणि तो खरंच घेऊन आला. बाई बसली, नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, “ह्यांनी महिनाभर येड्यावानी वागायचं, आन् तारीख मातर माझीच काढायची व्हय?”

या दोघांना मी जे समजावलं तेच इथं सांगते, कारण ते कळलं नाही तर पुढचं कळणार नाही. एका पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंतच्या काळाचे ढोबळ दोन भाग असतात. पहिल्या भागात बीज तयार होतं, मध्ये कधीतरी ते बाहेर पडतं आणि दुसऱ्या भागात शरीर गर्भाची वाट बघतं. हा त्रास या दुसऱ्या भागातला. चिडचिड, उगाच रडू, अंग जड होणं, पोट फुगणं, झोप उडणं, कशातच मन नसणं. कुणाला तो पाळीच्या आदल्या दिवशी होतो, कुणाला आठवडाभर आधी. पाळी सुरू झाली की थोड्याच दिवसांत ओसरतो आणि मधले दिवस निवांत जातात. आमच्या कामात हा ओसरण्याचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. म्हणून मी कधीच वाईट दिवस कोणते असं आधी विचारत नसे. मी विचारायची, महिन्यातले बरे दिवस कोणते?

बाईला बरे दिवस दाखवता आले की निम्मं काम झालं. ‘बरे दिवस न्हाईतच’ म्हणाली तर मात्र सावध व्हायचं. मग रक्त कमी आहे का, थायरॉइड आहे का, की मनाचा आजार पाळीच्या आड लपून बसलाय, हे डॉक्टरांनी बघायचं. शिवाय हा त्रास एका जागी राहत नाही. बाळंतपणानंतर बदलतो, काळजीनं बदलतो. चाळिशीच्या आसपास पाळीच मागंपुढं व्हायला लागते, तेव्हा तो लवकर सुरू होतो आणि उशिरापर्यंत टिकतो. बाईला वाटतं नवीन काहीतरी झालंय. असतो जुनाच, जागा बदललेली असते.

हे सगळं मला नीट येत होतं. तरीही मुक्ताच्या बाबतीत एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला फार उशीर लागला.

मुक्ता बोरीच्या पुढं आतल्या रस्त्यावरच्या एका खेड्यातली. पहिल्यांदा आली तेव्हा तिशीत असेल. सासू गयाबाई तिला घेऊन आली होती. गयाबाई म्हणजे ठसठशीत कुंकू, तोंडात सुपारी आणि बोलणं असं की खिडकीबाहेरचा माणूस थांबून ऐकायचा.

“ही माझी सून,” ती म्हणाली. “गुणाची हाय. पर महिन्यातनं एकदा हिच्यात वारं शिरतंय. भांडी आपटती, पोरीला बदडती, मंग सोताच रडती. बाहेर बसली की निवळती. चौथ्या दिवशी डोक्यावरून पानी घेतलं की लेकरावानी हसती.”

‘बाहेर बसणं’ आमच्याकडं घरोघर होतं. पाळी आलेली बाई चार दिवस गोठ्याशेजारच्या पडवीत एका घोंगडीवर बसायची. चुलीला, पाण्याला, देवाला शिवायचं नाही. भाकरी वरून ताटलीत टाकायची, पाणी वरून ओतायचं. आई-वडील मेंढ्या घेऊन बाहेरगावच्या शेतात उतरत तेव्हाही आमच्या आईचे ते चार दिवस वाघरीच्या, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या पलीकडं, झाडाखाली जायचे. त्या दिवसांत भाकऱ्या मी थापायची. बोटं पोळायची. आई लांबून सांगायची, पीठ अजून मळ, तवा आता तापला असंल. भाकरी तिच्या ताटलीत वरून टाकताना मला तिची लाज वाटायची, आणि एक दिवस आपलीही पाळी येणार, आपणही असंच झाडाखाली बसणार, याची भीतीही वाटायची. शिकून काय करायचं हे तेव्हा माहीत नव्हतं. पण हे बंद करायचं, हे त्या वयातच ठरलं होतं.

मुक्ताला मी बरे दिवस विचारले तर तिनं पटकन सांगितलं. पाळी आली की दुसऱ्या दिवसापासून बरं वाटतं, ते पुढं बरेच दिवस. पुस्तकात लिहावं इतकं स्पष्ट उत्तर. डॉक्टरांनी रक्ताच्या गोळ्या दिल्या. मी तिला सांगितलं की तुझं डोकं फिरलेलं नाही, हा शरीराचा ऋतू आहे, येतो आणि जातो. गयाबाईला सांगितलं की त्या दिवसांत सुनेशी वाद घालू नका. गयाबाई म्हणाली, “मंग वाद कवा घालावा, ते बी लिहून द्या.”

पुढं काही वर्षांनी गावोगावच्या सभा सुरू झाल्या. पाळीचा विटाळ मानू नका, बाईला घरात घ्या. आशाताई, अंगणवाडीच्या बाई आणि मी असं आमचं पथक होतं. लहानपणापासून पोटात साठलेलं सगळं मी त्या सभांत बोलायची. मुक्ताच्या गावच्या मारुतीच्या पारावर सभा झाली तेव्हा गयाबाई पुढंच बसली होती.

“देवाचा कोप झाला तर सरकार येईल का निस्तरायला?” तिनं विचारलं.

मी शिवलीलाताईचं उदाहरण दिलं. माझं सासर मानवतचं, आणि शिवलीलाताई तिथल्या आमच्या किराणा दुकानदाराची बायको. त्यांच्या घरी सगळ्यांच्या गळ्यात लिंग. त्या घरात पाळीचा विटाळ कधीच पाळला गेला नाही. त्या दिवसांतही बाई अंघोळ करते, लिंगपूजा करते, स्वयंपाक करते. त्यांचं तर दुकान भरभराटीला आलंय, मी म्हणाले, कुणाचा कोप झाला नाही.

गयाबाई म्हणाली, “त्यांचा देव गळ्यात हाय, त्यो रुसून जाऊन जाऊन कुठं जाईल? आमचा देवळीत बसतोय. त्याच्या नाकाला लय लवकर झोंबतं.”

सगळा पार हसला. मीही हसले. पण सभा वाया गेली नाही. सहा-आठ महिन्यांनी आशाताई सांगत आल्या की गयाबाईनं सुनेला आत घेतलं. गावातलं पहिलं घर तेच. गयाबाईसारखी बाई बदलली म्हटल्यावर मागोमाग बाकीची घरंही बदलली. पडवीतली ती घोंगडी गयाबाईनं धुऊन आत ठेवून दिली, हे ऐकलं तेव्हा मी आईला मुद्दाम फोन करून सांगितलं. आई म्हणाली, “चांगलं झालं बाई.” आणि थोडं थांबून म्हणाली, “मंग आता भाकरी कोन करतंय?” मी म्हणाले, “मुक्ताच करते की. आता शिवायचं नाही असं काही राहिलंच नाही.” आई बरं म्हणाली आणि तिनं विषय बदलला.

आईच्या त्या प्रश्नापाशी मी तेव्हा थांबायला हवं होतं.

मुक्ता परत आली ती चाळिशीजवळ पोचल्यावर आणि एकटी. चेहरा ओढलेला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “ताई, बरे दिवस कोनते ते इचारू नगा. लय थोडे राहिलेत. पहिलं पाळी आली की डोईवरचं वझं उतरल्यावानी व्हायचं. आता पाळी येती, पाळी जाती, वझं तिथंच. जरा उतरलं म्हनंस्तोर दुसरी पाळी जवळ आल्याली असती.”

“कधीपासून?”

“दोन-चार वर्षं झाली असतील. हळूहळू वाढायलंय.”

त्रास पुढं सरकत होता, ओसरायचा भाग आटत चालला होता. मला जे शिकवलं होतं त्याप्रमाणे मी सगळं केलं. वय त्याच टप्प्यावरचं. थायरॉइडची तपासणी झाली, ती ठीक निघाली. रक्त कमी होतं, त्याच्या गोळ्या सुरू केल्या. आमच्या डॉक्टरांनी परभणीला मनाच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली, त्यांनीही गोळी सुरू केली. घरी तिच्यामागं काय काम आहे, हे मी विचारलं होतं. ती म्हणाली, “सगळ्यांच्यामागं असतंय तेवढंच.” मी ते तसंच सोडून दिलं.

महिनाभरात मुक्ताचा नवरा ज्ञानोबा खोलीत आला. शांत माणूस. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

“म्याडम, ती डोक्याची गोळी बंद केलीय आमी.”

“का?”

“अश्विनीला पाहुणे बघायला यायलेत. पोरगी बारावीला हाय, आताच करायचं न्हाई, पर बोलणं तर चालू झालंय. आई कोपऱ्यात रडत बसल्याली, वरनं डोक्याची गोळी. लोक इचारतेत. एकदा येडी म्हणून नाव झालं की पोरीचं अवघड व्हतंय.” तो जरा थांबला. “सोयरीक जमंस्तोर तिला भावाकडं ठेवावं म्हणतो. मी काही वाईट माणूस न्हाई, म्याडम.”

तो वाईट नव्हताच. पण मुक्ता मागच्याच आठवड्यात मला म्हणाली होती, “भाऊ चांगला हाय, भावजय बी चांगली हाय. पर एकदा बिमार म्हणून घराबाहेर काढल्याली बाई परत आत येती का ताई?” आमच्या भागात अशा बायका मी पाहिल्या आहेत. थोड्या दिवसांसाठी माहेरी ठेवलेल्या, आणि मग तिथंच एका कोपऱ्यात म्हाताऱ्या झालेल्या. मी ज्ञानोबाला एवढंच म्हणाले की पुढच्या पाळीपर्यंत थांबा. थांबून मी काय करणार होते, ते मला ठाऊक नव्हतं.

त्या शनिवारी मी मानवतला गेले. दुकानात शिवलीलाताई गल्ल्यावर बसून तूरडाळ निवडत होत्या, एका हातानं कंबर दाबून.

“काय झालं?”

“काय न्हाई, नेहमीचं. दुसरा दिवस हाय.”

मी म्हणाले, “तुमच्या घरचं उदाहरण मी गावोगाव देते, माहीत आहे का? त्या दिवसांत बाई पूजासुद्धा करते म्हणून.”

त्यांनी डाळीतला खडा काढून बाहेर टाकला. “पूजा करू देतात ताई. पडू कोण देतंय?”

त्या हे तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत. लगेच मला विचारलंही, डाळ किती देऊ. मी काय सांगितलं ते आठवत नाही. मला वाघरीपलीकडचं झाड आठवत होतं, आणि त्याखाली घोंगडीवर आडवी झालेली आई. भर दुपारी झोपलेली. एरवी दिवसा झोपलेली आई मी कधीच पाहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी ती मला हाका मारून कोडी घालायची आणि स्वतःच हसायची. आमच्या घरात आई हसायची ते त्याच दिवसांत. ते हसू पाळी आल्यामुळं होतं की पडायला मिळाल्यामुळं, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. मुक्ता पाळी आल्यावर निवळायची, तेही कशामुळं? काहीतरी शरीरानं करत असेल, पण काहीतरी त्या घोंगडीनंही केलं असेल.

पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी मुक्तानं आशाताईंकरवी निरोप दिला आणि मी सकाळच्या बसनं तिच्या गावाला गेले. घराच्या दाराशीच थांबले, कारण तिचा हात थांबत नव्हता. भाकऱ्यांची चळत झाली होती. मधेच उठून हंड्यातलं पाणी रांजणात ओतलं, म्हशीला पेंड टाकली, परत येऊन चुलीपुढं बसली. कापसाच्या वेचणीचे दिवस होते. न्याहारी बांधून ती शेतात जाणार होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, राग नाही आणि रडूही नाही. मला तेच जास्त वाईट वाटलं.

गयाबाई ओट्यावर पाय लांब करून बसली होती. गुडघ्यांना तेल चोळत होती.

मी जवळ बसले आणि म्हणाले, “गयाबाई, हिला या चार दिवसांत जरा आराम द्या.”

“आराम?” ती म्हणाली. “तुमीच पारावर उभं राहून म्हनला न्हवं, ह्यात काई नसतंय, रोजच्यावानीच दिवस असतो? मंग रोजच्यावानी काम नगं का?”

“विटाळ नसतो असं म्हणाले. दुखत नाही असं नाही म्हणाले.”

“आमाला एवढं बारीक कळत न्हाई.” ती तेलाचा हात पदराला पुसत म्हणाली. “तुमाला वाटतंय तुमच्या भाषनानं मी हिला आत घेतली. भाषन चांगलं व्हतं, खोटं कशाला बोलू. पर आत घेतली ती ह्या गुडघ्यानं. ही बाहेर बसली की चार दिवस चूल माझ्याकडं. मला उठवंना झालं. तुमी म्हनला विटाळ न्हाई, मला बी बरंच झालं.”

मला हसू आलं नाही. ज्या गोष्टीचा मी इतकी वर्षं अभिमान धरला होता ती अशी एका म्हातारीच्या गुडघ्यांतून निघाली होती, आणि त्या म्हातारीवर रागवावं असंही त्यात काही नव्हतं. तिलाही कुणी बस म्हणणारं नव्हतं.

“मग घरातच पडू द्या तिला,” मी म्हणाले. “आत, खाटेवर. बाहेर कशाला?”

गयाबाईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी काल जन्मले. “बाहेर बसल्याल्या बाईला कोन काई म्हनत न्हाई म्याडम. देवाचं कारन हाय. घरात खाटंवर पडल्याली सून दिसली तर येनारा-जानारा इचारतो, कामून पडलीय? बिमार हाय का? आळशी हाय का? त्याला काय सांगू, आन् गावाला काय सांगू?” मग आवाज जरा खाली घेऊन म्हणाली, “माझी पाळी गेली तवा मला लय वाईट वाटलं व्हतं. बायका म्हनायच्या, सुटलीस. कशाची सुटले? चार दिवस कुनी ऊठ म्हनत नव्हतं, तेच गेले.”

समाजकार्याच्या पदवीत हे नव्हतं आणि सभेच्या भाषणातही नव्हतं. ज्ञानोबा बैलांना पाणी पाजून दारात येऊन उभा राहिला होता. अश्विनी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती. चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला आणि मुक्ता म्हणाली, “मी बाहेर बसते.”

ज्ञानोबा आईकडं बघायला लागला. ती पुन्हा म्हणाली, “पाळी आली की मी बाहेर बसते, पहिल्यावानी. मला भावाकडं पाठवू नगा.”

ज्ञानोबाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडताना मला दिसला. “तसं असंल तर पाहुण्यांना बी सांगता येतंय,” तो म्हणाला. “बाहेरची हाय म्हणलं की कोन पुढं इचारत न्हाई.”

“आन् चूल?” गयाबाईनं विचारलं.

मुक्ता आतल्या खोलीकडं बघत राहिली. तिनं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला, आणि मग तोही थांबला.

मी त्या घरात दोनच अटी घालू शकले. एक, परभणीच्या डॉक्टरांना दाखवायचं आणि गोळी पुन्हा सुरू करायची. दुसरी, अश्विनीची बारावी पूर्ण होऊ द्यायची. ज्ञानोबानं दोन्हीला मान हलवली. विटाळाविषयी मी एक शब्द बोलले नाही. बाईला घरात घ्या म्हणून ज्या घरापासून मी सुरुवात केली होती, त्याच घरातली बाई माझ्यादेखत पुन्हा बाहेर निघाली होती, आणि तिला अडवायला माझ्याजवळ घोंगडीइतकंही काही नव्हतं.

मुक्ताला माहेरी पाठवलं नाही. तिचे बरे दिवसही हळूहळू परत आले, सगळे नाही, पण मधल्या आठवड्यात ती पूर्वीसारखी बोलायला लागली. ते गोळीनं झालं, रक्त वाढल्यानं झालं की पडवीनं, मला सांगता येणार नाही. डॉक्टर गोळी म्हणतात. मुक्ता पडवी म्हणते.

निवृत्त व्हायच्या आधी मी तिला भेटायला गेले. नेमकी ती बाहेर होती. गोठ्याशेजारी तीच जुनी घोंगडी अंथरून भिंतीला टेकून बसली होती, बाजूला पितळेची ताटली आणि तांब्या. पाय ताणलेले, डोळे अर्धे मिटलेले. मला बघून हसली. सभांच्या काळात अशा प्रत्येक बाईजवळ जाऊन सगळ्यांसमोर तिचा हात हातात घ्यायची माझी पद्धत होती. सवयीनं मी हात पुढं केला.

“शिवू नगा ताई,” ती हसतच म्हणाली. “तुमच्यापायी मला पुन्ना आत जावं लागंल.”

मी हात मागं घेतला.

आतून करपल्याचा वास आला. अश्विनीनं हाक मारली, “आई, भाकर फुगंना झालीय.” मुक्ता जागची हलली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, “पीठ अजून मळ. तवा तापू दे.” मी चप्पल काढून आत गेले. परीक्षेचं पुस्तक चुलीपासून जरा लांब, पाटावर उघडं ठेवलेलं होतं. पोरीची दोन बोटं लाल झाली होती. मी तिला म्हणाले, तू वाच, आणि परात पुढं ओढली.

गयाबाई कोपऱ्यातून बघत होती. “सरकार तुमाला ह्याचा पगार देतंय का म्याडम?”

“नाही.”

“मंग गोल तरी करा.”

तीन-चार भाकऱ्या झाल्यावर एक ताटात घेऊन मी पडवीत गेले. मुक्तानं आपली ताटली पुढं सरकवली आणि हात मागं घेऊन बसली. बाईच्या ताटलीत वरून भाकरी टाकणं हा तिचा अपमान आहे, हे मी किती पारांवर किती वेळा सांगितलं असेल. मी वाकले, दोघींमध्ये अंतर ठेवलं आणि भाकरी वरून ताटलीत टाकली. वर लोणच्याची फोड सोडली, तांब्यात वरून पाणी ओतलं.

ती सावकाश जेवली. एकदाही कुणी तिला ऊठ म्हणालं नाही.